मिठाच्या बरणीला पाणी सुटलं की घरात किडे का होतात?

जुलै आला की मला कुणीतरी फोटो पाठवतंच. भिंतीचा नाहीतर कपाटाच्या फळीचा, त्यावर खसखशीएवढे पांढुरके ठिपके, आणि खाली लिहिलेलं, "अगं हे काय आहे, धूळ चालतेय असं वाटतंय, ढेकूण तर नाहीत ना?" पुढचा मेसेज ठरलेला, पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर दे. मी हल्ली नंबर द्यायच्या आधी उलट एकच विचारते, तुझ्याकडचं खडे मीठ कोरडं आहे की त्याला पाणी सुटलंय?

हे मला उशिरा कळलं. तीन वर्षांपूर्वी आमच्या विक्रोळीच्या घरात एकाच पावसाळ्यात दोनदा फवारणी करून घेतली, दोन्ही वेळेला महिन्याभरात सगळं जैसे थे, आणि बाबांच्या जुन्या वह्या कसर लागून कडेने कुरतडलेल्या त्या कुरतडलेल्याच. मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती, त्याच फरशीवर रांगत होती. शेवटी बाथरूमच्या गळक्या नळासाठी आलेल्या प्लंबरने सहज पलीकडच्या भिंतीला हात लावला आणि म्हणाला, ताई, भिंत आतून ओली आहे. कपाटामागे भिंतीच्या पोटातून जाणारा पाइप झिरपत होता. पाइप बदलला, भिंत वाळायला पुढचे पाच-सहा महिने गेले, आणि किडे औषधाशिवाय कमी झाले. म्हणून हा लेख.

हवेत पाणी असतं म्हणजे नक्की किती?

पावसाळ्यात बातम्यांत सांगतात, आज आर्द्रता ८५ टक्के. याचा अर्थ हवेत ८५ टक्के पाणी आहे असा नाही. हवेची लोकल समजा. या तापमानाला ही गाडी जास्तीत जास्त जितकी वाफ वाहून नेऊ शकते, त्याच्या ८५ टक्के ती भरलेली आहे, एवढंच. याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात, आपण पुढे नुसतं दमटपणा म्हणू.

आता गंमत अशी की गरम हवा म्हणजे पंधरा डब्यांची गाडी आणि थंड हवा म्हणजे बारा डब्यांची. ३० अंशाला एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, २४ अंशाला साधारण २२. दहा बाय दहाची खोली, दहा फूट उंच, ३० अंश, ८५ टक्के दमटपणा, असा हिशोब केला तर त्या रिकाम्या दिसणाऱ्या हवेत जवळपास पाऊण लिटर पाणी तरंगत असतं. ही हवा थंड भिंतीला टेकली, समजा पलीकडच्या खोलीत एसी चालू आहे आणि भिंत २४ अंशावर आलीय, की गाडीचे डबे अचानक कमी झाले आणि उरलेली माणसं प्लॅटफॉर्मवर. म्हणजे भिंतीवर पाणी. थंड बाटलीला बाहेरून घाम फुटतो तसंच, फक्त भिंतीवर रंग असतो म्हणून थेंब दिसत नाहीत, भिंत हळूहळू ओलसर राहते आणि पंधरा दिवसांनी काळे ठिपके येतात.

यात भर आपण घालतो. पंख्याखाली वाळत घातलेले मशीनभर कपडे दीड-दोन लिटर पाणी घरातल्या हवेत सोडतात, भाताचा कुकर, अंघोळीची वाफ, ओली छत्री, दाराशी भिजलेले बूट, हे सगळं वेगळं.

मिठाची बरणी

शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के दमटपणाच्या वर हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळायला लागतं. त्याच्या खाली कोरडं राहतं. खडे मिठात बाकीचेही क्षार असतात म्हणून ते थोडं आधीच पाझरतं, आणि पिशवीतल्या बारीक मिठात मोकळं राहण्यासाठी काहीतरी घातलेलं असतं म्हणून ते उशिरा, पण आकडा साधारण हाच. आणि बुरशी कुठल्या दमटपणाला वाढते? पृष्ठभागाशी तो ७५-८० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की. कसर कुठे खूश असते? ७५ च्या पुढे. म्हणजे आजी ज्या बरणीकडे बघून "हवा ओली झालीय, पापड डब्यात घाला" म्हणायची, ती बरणी घरातलं यंत्रच होती. वाटीत चमचाभर खडे मीठ घालून ती कपाटाच्या खालच्या फळीवर, सिंकखाली, पलंगाच्या बॉक्समध्ये दोन दिवस ठेवून बघा, स्वयंपाकघरात कोरडं राहिलेलं मीठ कपाटात चिकट झालं तर ओल कपाटाची आहे. आकडा हवाच असेल तर दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळासारखं मीटर काही शे रुपयांत मिळतं, ते घ्या, पैसे वाया जात नाहीत.

कुठला किडा कुठलं पाणी सांगतो

इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण सगळे किडे एकाच औषधाने मारायला जातो तिथेच चुकतं.

ते खसखशीएवढे पांढरे, धुळीसारखे चालणारे, त्यांना बुकलाइस म्हणतात. नावात लाइस असलं तरी उवा नाहीत, चावत नाहीत, रक्त पीत नाहीत, कपडे खात नाहीत. ते खातात बुरशी, आपल्या डोळ्यांना दिसतही नाही एवढी पातळ. अंगातलं पाणी टिकवायला त्यांना दमट हवाच लागते, ५० टक्क्यांच्या खाली गेलं की दोन-तीन आठवड्यांत सुकून मरतात. म्हणजे ते दिसले की समजायचं, इथे बुरशी सुरू झालीय. यांच्यावर फवारणी करणं मला खरंच पटत नाही. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने पुसा, फर्निचर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, हवा खेळू द्या.

कसर म्हणजे सिल्व्हरफिश, चांदीसारखी, माशाच्या आकाराची, पुस्तक उघडलं की सुळकन पळते. तिला खळ लागते, पुस्तकाचा डिंक, कांजी केलेल्या सुती साड्या, आणि आपण मोठ्या हौसेने कपाटात अंथरतो तो वर्तमानपत्राचा कागद. तो कागद ओल धरून ठेवतो आणि तिचं जेवणही होतो. काढून टाका. कसर अन्नाशिवाय महिनोन्‌महिने काढते आणि काही वर्षं जगते, त्यामुळे एका फवारणीत संपेल ही अपेक्षाच चूक.

झुरळं दोन प्रकारची, आणि दोघांचं पाणी वेगळं. मोठं लालसर झुरळ गटारातलं, पहिल्या पावसात चेंबर भरले की ते पाइपातून वर येतं. त्याचा रस्ता म्हणजे नहाणी ट्रॅप, बाथरूमच्या फरशीतलं पाणी जायचं जाळीचं भोक. त्या ट्रॅपमध्ये जे पाणी साचून राहतं तेच दार असतं, आणि गावाला गेलात किंवा दुसरं बाथरूम वापरात नसेल तर ते पाणी सुकतं आणि दार उघडं पडतं. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता, वर बारीक जाळी बसवा. इथे पाणी कमी झालं म्हणून किडा आला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बारकं तपकिरी झुरळ, मानेवर दोन गडद पट्टे असलेलं, ते मात्र घरातच जन्मतं, फ्रिजच्या मोटरपाशी, गॅसखाली, मिक्सरच्या बुडाशी. मादी तीस-चाळीस अंड्यांची पेटी फुटायच्या जरा आधीपर्यंत अंगावरच बाळगते, आणि त्या पेटीत औषध पोचत नाही, म्हणून फवारणीनंतर महिन्याभराने अचानक इतकी पिल्लं कुठून आली असं वाटतं. हे झुरळ अन्नाशिवाय महिनाभर निघू शकतं पण पाण्याशिवाय दोनेक आठवडेच. रात्री भांडी घासून ओटा चकाचक करतो आणि सिंकमध्ये पाणी, ओला स्क्रबर, ओट्यावर ओलं फडकं तसंच ठेवतो, तर त्याची सोय झालीच. झोपायच्या आधी सिंक कोरडं पुसणं, फडकं पिळून दोरीवर, आणि सिंकखालच्या सांध्यातून थेंब येतोय का बघणं, एवढ्याने फरक पडतो.

बाथरूमच्या भिंतीवर बसणाऱ्या केसाळ, पानासारखे पंख असलेल्या बारक्या माश्या पाइपाच्या आत जमलेल्या बुळबुळीत थरात अंडी घालतात. उकळतं पाणी ओतून तो थर निघत नाही, लांब ब्रशने खरवडावा लागतो.

धान्यातले टोके, पोरकिडे हे बहुतेक वेळा दुकानातूनच अंड्यांच्या रूपात येतात, दमट हवेत झपाट्याने वाढतात. रवा, मैदा, बेसन आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की अंडीही मरतात. पिशवी काढल्यावर लगेच उघडू नका, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पुन्हा तीच थंड बाटली आणि तोच घाम.

वाळवीला मात्र घरच्या उपायाने हात लावू नका. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी ट्यूबलाइटवर पंखवाल्यांची झुंबड येते, ते बहुतेक बाहेरून आलेले असतात, दिवे घालवून खिडक्या लावल्या की झालं. पण ते तुमच्याच दाराच्या चौकटीतून, किचन ट्रॉलीच्या प्लायमधून बाहेर पडताना दिसले, किंवा भिंतीवर मातीची नळीसारखी रेघ चढलेली दिसली, तर वाळवी आतमध्ये आहे. ती रेघ मोडू नका, स्प्रेही मारू नका. वरची चार मरतात, बाकीच्या दुसरी वाट धरतात आणि मग शोधणं कठीण होतं. माणूस येऊन बघेपर्यंत रेघ तशीच राहू द्या. आणि तिला ओल कुठून मिळतेय तेही त्याच वेळी शोधा, कारण मातीतल्या वाळवीला ओलाव्याशिवाय जमतच नाही.

ओल हवेतली की भिंतीतली?

हे घरी कळतं. हातभर लांबी-रुंदीचं जाड प्लास्टिक किंवा अॅल्युमिनियम फॉइल घ्या, भिंतीचा तो भाग पुसून कोरडा करा, चारही कडा टेपने घट्ट चिकटवा, दोन दिवस ठेवा. पाणी खोलीच्या बाजूला जमलं तर ओल हवेतली. मागे, भिंतीच्या बाजूला जमलं तर ती भिंतीतून येतेय.

भिंतीतली असेल तर डाग कधी वाढतो ते बघा. डागाची कड पेन्सिलीने आखा आणि शेजारी तारीख लिहा. फक्त पावसात पुढे सरकतो तर बाहेरची भिंत, खिडकीचा सांधा किंवा गच्ची. मे महिन्यातही तसाच ओला, तर पाइप किंवा वरच्या घराचं बाथरूम. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लोणा लागलेला, पांढरे क्षार, हाताला पीठ लागतं, तर पाणी जमिनीतून वर चढतंय, टोस्टचं टोक चहात धरलं की चहा वर चढतो तसं. आणि पिवळट कड नसलेले नुसते काळे ठिपके कपाटामागच्या कोपऱ्यात असतील, तर बहुधा ती हवेतली ओल.

"पण वॉटरप्रूफ रंग मारला की झालं ना?"

नाही. पाणी पलीकडून येतंय आणि आपण अलीकडून दार लावतोय. मुंबईत सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे तेवढं पाणी साठवलं तर दाराच्या चौकटीच्या वर जाईल, आणि त्यातला बराच वाऱ्यासोबत आडवा येऊन बाहेरच्या भिंतीवर आपटतो. ते पाणी आतल्या रंगाला मागून ढकलतं, फुगे येतात, पोपडे पडतात, आणि रंगाच्या थरामागे भिंत आणखी उशिरा वाळते. आधी बाहेरची भेग, मग भिंत वाळू द्यायची, आणि रंग सगळ्यात शेवटी. नऊ इंची भिंत आठवड्यात वाळत नाही हो, महिने जातात.

"खिडक्या उघड्या ठेवल्या तर?"

अर्धं बरोबर. अंघोळीनंतर, स्वयंपाकानंतर घरातली जादा वाफ बाहेर घालवायला खिडकी आणि एक्झॉस्ट हवाच. पण बाहेरच ८५-९० टक्के असेल तर खिडकी उघडून घर त्याच्यापेक्षा कोरडं होणार नाही. त्यासाठी एकतर हवेतलं पाणी काढावं लागतं, एसीचा ड्राय मोड तेच करतो, किंवा हवा जरा गरम करावी लागते. २८ अंशाची ८५ टक्के दमट हवा ३३ अंशाला नेली तर तीच हवा ६४-६५ टक्क्यांवर येते, पाणी तेवढंच, डबे वाढले. जुन्या लोकांचा कपाटात बल्ब लावायचा उपाय याच हिशोबावर चालायचा, पण कपड्यांच्या जवळ पेटता बल्ब ठेवून बाहेर जाऊ नका, आगीची भीती खरी आहे. ओल ओढून घेणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते बंद कपाटात छान चालतात, अख्ख्या खोलीला पुरत नाहीत, आणि तळाशी जमलेलं पाणी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

"कडुलिंब, कापूर, तमालपत्र?"

वासाने थोडे लांब राहतात, वस्ती संपत नाही. पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, ओला पाला म्हणजे कपाटात आणखी पाणी. डांबरगोळ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांत अजिबात नको. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते, जी-सिक्स-पीडी म्हणतात त्याला, आणि त्या गोळ्यांच्या वाफेने अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या बाळाला ते आहे की नाही हे बहुतेकांना माहीतच नसतं.

औषध वापरायचंच असेल तेव्हा

बारक्या झुरळांसाठी जेल उत्तम. मसुरीच्या दाण्याएवढे बरेच ठिपके, बिजागरीपाशी, फ्रिजमागे, ट्रॉलीच्या आत. झुरळ खाऊन बिळात जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ खाऊन बाकीचेही मरतात. पण त्याच जागी स्प्रे मारला की झुरळं जेलकडे फिरकत नाहीत, दोन्ही एकत्र करू नका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावा, नवीन पिल्लांसाठी. बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्याही चालतात, पण कोरड्या राहिल्या तरच, आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी.

पेस्ट कंट्रोलवाला आला की डबा दाखवा म्हणा. आपल्याकडे कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लायसन्स विचारायला लाजू नका, व्यवसाय म्हणून करणाऱ्यांना ते लागतंच. घरात मांजर किंवा माशांची टाकी असेल तर आधी सांगा, पायरेथ्रॉइड गटातली औषधं त्यांना फार घातक.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. धान्यात किंवा ढेकणांसाठी घालायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी "जबरदस्त आहेत" म्हणून दिल्या तर घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, त्यावर उतारा नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत तो सुटायला वेळ लागत नाही. बंद घरात, अगदी शेजारच्या घरात झोपलेल्या माणसांचेही जीव यात गेलेत. काळी बुरशी घासतानाही ब्लीच आणि टॉयलेटचं अॅसिड एकत्र करू नका, क्लोरीन वायू होतो, लहान बाथरूममध्ये पळायलाही जागा नसते.

वरच्या मजल्यावरचे काका ऐकत नाहीत

मुंबईतली अर्धी ओल दुसऱ्याच्या घरातून येते. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून, सामाईक पाइपातून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि एखाद्याच्या संडास, बाथरूम, सिंकमुळे होणारी त्या सदस्याने. म्हणून भांडायच्या आधी पुरावा करा. वरच्या काकांच्या परवानगीने त्यांच्या बाथरूममध्ये खायच्या रंगाचं पाणी भरून दिवसभर ठेवायचं, तुमच्या छतावर तो रंग उमटला तर वाद उरत नाही. नाही उमटला तर काका बिचारे निर्दोष असू शकतात, तेही मान्य करायला हवं. पत्र लेखी द्या, फोटो जोडा, आणि काम पावसाच्या बरंच आधी उरकायला सांगा. मुंबईत मान्सून यायच्या ठरलेल्या ११ जून या तारखेवर विसंबू नका, २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत आला आणि कितीतरी इमारतींची गच्ची तशीच उघडी राहिली.

आमच्या हॉलच्या खिडकीखालचा डाग असाच बाहेरच्या भेगेतून होता. गेल्या ऑगस्टात त्याची कड पेन्सिलीने आखली, १४ तारीख घातली, तो फोटो लावून सोसायटीला पत्र दिलं, एप्रिलमध्ये भेग भरली गेली. यंदा दोन मोठे पाऊस झाले, डाग त्या रेघेच्या चार बोटं आत आहे. रंग अजून मारला नाही, मुलगी रोज रेघेपाशी बोट लावून बघते.